आईचे हात

“पुस्तक चाळलं असेल तर चाळलं म्हणावं, वाचलं म्हणू नये,” असं मासिकाची प्रुफं तपासणाऱ्या ताई एकदा भर बैठकीत परीक्षकांना म्हणाल्या होत्या. परीक्षक हसले. ताई हसल्या नव्हत्या.

कथा-कादंबऱ्या सोडून इतर पुस्तकांना मासिक दरवर्षी पुरस्कार देई. गेली एकोणीस वर्षं त्यासाठी आलेलं प्रत्येक पुस्तक आधी ताईंच्या टेबलावर यायचं. त्या ते अथपासून इतिपर्यंत वाचून पानभर टिपण लिहीत. त्यांचं नाव कुठेच छापलं जात नसे. संपादक कधीकाळी त्यांच्याच शेजारी बसून प्रुफं तपासायला शिकले होते, म्हणून ते त्यांचे ‘भाऊ’.

यंदा स्पर्धेत ताईंचंच पुस्तक होतं.

“ताई, या वर्षी तुम्ही लांब राहा,” भाऊ म्हणाले. “तुमचं मी स्वतः वाचतो. ओळ न् ओळ.”

बक्षिसाची ताईंना हाव नव्हती. इतकी वर्षं लोकांचं वाचलं. आपलंही कुणीतरी तसंच वाचावं, एवढंच.

पुस्तक आईवर होतं. इस्पितळाच्या धोबीखान्यात खिडकीशी बसून ती फाटक्या चादरी शिवायची; तिथल्या पाण्यात तिने कधी हात घातला नाही. प्रकाशकाने मात्र मुखपृष्ठावर कपडे धुणारी बाई टाकली आणि मागे ‘जन्मभर चादरी धुणाऱ्या आईची कहाणी’ असं ठोकून दिलं. ताई कडाकडा भांडल्या, पण तोवर प्रती बांधून झाल्या होत्या.

निकालाच्या अंकाचं प्रूफ ताईंकडेच आलं. बक्षीस दुसऱ्याला होतं. ताईंच्या पुस्तकावर चार ओळी होत्या, खाली भाऊंचं नाव: ‘साबणाने सोललेले आईचे हात लेखिकेने जिवंत केले आहेत.’

कागद घेऊन ताई भाऊंच्या खोलीत गेल्या.

“भाऊ, आईचे हात आवडले?”

“आवडले म्हणजे? रडवलंत की हो मला! ते धुणं, ती वाफ...”

“कुठल्या प्रकरणात?”

“आता पान नंबरही सांगू? तोंडी परीक्षाच घ्यायला लागलात!” भाऊ मोकळे हसले. “बक्षिसाचं मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षाची दोन खोकी आलीत बघा. तुमच्यासारखं वाचणारं आहे कोण आमच्याकडे?”

ताईंनी प्रूफ टेबलावर ठेवलं. त्यावर लाल पेनाची एकही खूण नव्हती.

“झालं तपासून? काही चुका, ताई?”

ताईंनी पिशवी खांद्याला अडकवली, खोकी तिथेच सोडून दार उघडलं आणि त्या चालू लागल्या.