खंडेनवमीला अडकलेला सर्व्हर

परभणीतल्या ज्या दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो, तिथे खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते. पेशंटला लागणाऱ्या यंत्रांना चालू असतानाच हळदीकुंकू लावतात. बाकीची बंद करून, पुसून, झेंडूचा हार घालून ठेवतात. पुजलेल्या यंत्राला मग दिवसभर कुणी हात लावत नाही.

लिनक्सवर चालणारा सर्व्हर मात्र दिवसभर बंद ठेवता येत नाही. सीटी स्कॅनच्या जुन्या प्रतिमा त्याच्यातच असतात. म्हणून मी त्याला नुसता रीस्टार्ट देतो आणि स्क्रीन काळी पडली की मोठ्या सिस्टर अक्षता टाकतात. तेवढाच त्याचा विसावा.

यंदा शेजारचं, त्या प्रतिमांच्या प्रती ठेवणारं बॅकअपचं मशीन मी आधीच बंद करून पूजेला दिलं होतं. मग सर्व्हरला रीस्टार्ट दिला.

"लवकर उठ रे बाबा, लय काम हाय आज," म्हणत सिस्टरनी अक्षता टाकल्या. स्क्रीनवर पांढऱ्या ओळी भराभर सरकल्या आणि एका ओळीवर थांबल्या. काहीतरी बंद व्हायची वाट पाहतोय, एवढंच मला त्यातून कळलं. मीही वाट पाहिली. ओळ हलेना.

तेवढ्यात डॉक्टर मॅडमचा फोन आला. चारठाण्याहून एका बाईंना बेशुद्ध अवस्थेत आणलं होतं. नव्या स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसत होता. मागे एकदा त्या पडल्या होत्या, तेव्हाचा त्यांचा स्कॅन आपल्याकडेच झाला होता आणि त्यातही थोडं रक्त दिसलं होतं.

"तो जुना काढून द्या. रक्त किती वाढलंय ते बघितल्याशिवाय ऑपरेशनचं ठरवता येत नाही मला."

"देतो मॅडम, लगेच," मी म्हणालो. खरं सांगायचं धाडस झालं नाही.

बटण दाबून धरलं की सर्व्हर बंद पडला असता. पण तो अजून आत काही लिहीत असला तर? मधेच तोडला आणि नेमक्या त्याच प्रतिमा बिघडल्या तर? बोट बटणावर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

दारात त्या बाईंचा मुलगा उभा होता. माझ्याच वयाचा असेल.

"सायेब, आईचा जुना फोटू निघायलाय का?"

"लाईट गेली होती ना, म्हणून वेळ लागतोय."

त्याने डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. "लाईट तर हाय की, सायेब."

आवाजात राग नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी स्क्रीनकडे वळलो आणि ती ओळ प्रथमच नीट, अक्षर अन् अक्षर वाचली. तिच्यात बॅकअपच्या फोल्डरचं नाव होतं.

प्रती आपोआप निघाव्यात म्हणून उन्हाळ्यात मीच बॅकअपच्या मशीनची डिस्क नेटवर्कवरून सर्व्हरला जोडली होती. बंद होण्याआधी सर्व्हर ती डिस्क सोडवायला बघत होता, आणि उत्तर देणारं मशीन हार घालून गप्प बसलं होतं. माझंच काम मी विसरलो होतो.

मी त्या मशीनकडे हात नेला तसं सिस्टर म्हणाल्या, "अहो सर, पुजलेलं हाय ते!"

"हे चालू केल्याशिवाय सर्व्हर सुटायचा नाही, सिस्टर. चूक माझी आहे."

त्यांनी एकदा त्या मुलाकडे पाहिलं. "सरका तिकडं," म्हणाल्या आणि हार त्यांनी स्वतःच्या हाताने काढला.

मशीन सुरू होईपर्यंत मी त्या ओळीवरची नजर हलवली नाही. अंदाज चुकला असता तर पुढे मला काहीच सुचणार नव्हतं. मग ती ओळ सरकली. स्क्रीन काळी झाली, सर्व्हर परत सुरू झाला, जुना स्कॅन उघडला.

मॅडमनी दोन्ही प्रतिमा शेजारी लावल्या. "बरंच वाढलंय. घ्या आत."

मुलाला खरं सांगायला मी बाहेर गेलो. "लाईट गेली नव्हती. मीच..."

"ऱ्हाऊ द्या, सायेब. आत न्यायलेत तिला," तो म्हणाला आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे बघत राहिला.

बाई वाचल्या. उजवा हात मात्र अजून उचलत नाही. मी स्क्रीनपुढे घालवलेल्या वेळाने त्यात किती भर पडली, हे मॅडम सांगू शकतील. त्या रोज भेटतात. मी अजून विचारलेलं नाही.