खोटा कट, खरी बोंब

भिकन मरायचा फार छान. आठवडाभर सुरतेत लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कापड विणायचं आणि सुटीच्या दिवशी शेजारच्या योगेंद्रच्या अहिराणी पिच्चरमध्ये मरायचं, हा त्याचा क्रम. साप चावून, विहिरीत पडून, एकदा तर मांडे जास्त खाऊन तो मेला होता. मोबाईलवर ते बघून बायको प्रमिलाबाई नाक मुरडायची. "मराले काय अक्कल लागस?" तिच्यादेखत पडद्यावर एक वाक्य बोलायचं, एवढीच भिकनची आस होती.

अखेर योगेंद्रने सिनेमावाल्यांचीच टर उडवणारा पिच्चर काढला. छत्रीखालून बाहेर न येणारा हिरो, भाच्याला घुसवणारा निर्माता आणि ओ की ठो न कळणारा दिग्दर्शक. दिग्दर्शक भिकन! वाक्य एकच, "कट!" एका शब्दाला वाक्य म्हणतात का, हे त्याने कुणाला विचारलं नाही. प्रमिलाबाईला मात्र सगळ्यांचा चहा घेऊन मुद्दाम बोलावलं.

शूटिंग भिकनच्याच, सुटीमुळे बंद असलेल्या खात्यात होतं. त्याने लूमच्या खडखडाटात कमावलेला आवाज लावला, "कट!" मोबाईल धरलेल्या हर्षदाने, योगेंद्रच्या बायकोने, इमानदारीत रेकॉर्डिंग बंद केलं.

"अगं, तो खोटा कट होता!" योगेंद्रने कपाळ बडवलं.

पुन्हा भिकन ओरडला. हर्षदा ढिम्म. मग योगेंद्र ओरडला, तरी ढिम्म.

"आता खरा होता ना!"

"आधी तुम्ही दोघं ठरवा, दिग्दर्शक कोण ते," हर्षदा म्हणाली.

योगेंद्र वैतागला. "काका, कटच काढून टाकू. तुम्ही खुर्चीत नुसते बसा."

दारात प्रमिलाबाई किटली घेऊन उभी, आणि हा जिवंतपणी पुन्हा प्रेत! "थांब रे," तो घाईने म्हणाला, "मी आपल्या खात्याचा शब्द म्हणतो." रेकॉर्डिंग सुरू होताच त्याने बोंब ठोकली, "मशीन बंद!"

ही बोंब खात्यात एकाच कारणासाठी मारतात, कुणाचा हात मशीनमध्ये गेला की. भिंतीपलीकडचं चालू खातं क्षणात गप्प झालं. कारागीर धावत आले, मागून तिथला गुजराती शेठ "शुं थयुं? शुं थयुं?" करत आला, आणि त्या लोंढ्यात हिरो छत्रीसकट आडवा झाला. सगळ्यांच्या पुढे प्रमिलाबाई होती. किटली फेकून तिने भिकनचे दोन्ही हात धरले आणि एकेक बोट चाचपू लागली. "बोटे शेतस ना सम्दा? बोला ना!" ती घळाघळा रडत होती. कट कुणी म्हटलंच नव्हतं, म्हणून हर्षदाने सगळं टिपलं.

पिच्चर कडोदऱ्यापासून धुळ्यापर्यंत मोबाईलवर फिरला. जो तो प्रमिलाबाईचंच नाव घेई. भिकन हेव्याने हैराण झाला.

मग योगेंद्र पेढे घेऊन घरी आला. नव्या पिच्चरची हिरॉईन काकू.

"आणि मी?" भिकनने विचारलं.

"तुम्ही पहिल्याच सीनला मरता, काका. काकू तुमच्या प्रेतावर रडतात."

"चालेल," भिकन पडल्या आवाजात म्हणाला.

प्रमिलाबाईने पेढ्यांचा पुडा परत सरकवला.

"मन्हा पिच्चरमा ह्या मराले नको," ती म्हणाली. "आनि ह्यासले बोलाले दे, लांबलचक. नहीतं दुसरी हिरॉईन देख."