जांभळी कौलं

म्हसळ्यात आमच्या शेजारी राहणारे काका शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झाले आणि पुठ्ठ्याची रेल्वे स्टेशनं बनवू लागले. त्यांचा पुण्यातला भाचा घरात छोटी आगगाडी मांडतो, त्याच्यासाठी. दाराची उंची ते काडेपेटीतल्या काडीने मोजतात. काडी उभी धरून म्हणतात, "हा आपला स्टेशनमास्तर. ह्याचं डोकं आपटता कामा न्हाय."

गेल्या वर्षी त्यांच्या स्टेशनांच्या कौलांचा रंग जांभळट होऊ लागला. मोतीबिंदू वाढला होता. "लाल बरोबर हाय ना?" ते विचारायचे, आणि मी "हो" म्हणायचो.

ऑपरेशननंतर पट्टी निघाली त्या दिवशी ते घरी येऊन थेट फळीवरच्या स्टेशनांपुढे उभे राहिले. मी दारातच थांबलो.

"जांभळी हायत," ते म्हणाले. "तुला दिसत व्हतं?"

"दिसत होतं, काका."

त्यांनी फळीवरची चार स्टेशनं खाली काढली. मग त्यांनी लाल रंगाची डबी आणि एक ब्रश माझ्यापुढे ठेवला.

"बस. दोन तू रंगव, दोन मी रंगवतो."

मी खाली बसलो. कित्येक महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.