बेडकासमोरची ढाल

आक्काच्या लग्नाआधी तिच्याबरोबर एक व्हिडिओ गेम संपवायचा, एवढीच माझी त्या वर्षीची इच्छा होती. तिला साड्या, बांगड्या, भांडी मिळणार होती. मला काय मिळणार होतं? झोपायला जास्तीची जागा. ती मला नको होती.

आम्ही गावापासून दूर, कापड-कारखान्यांच्या भेस्तानला एका खोलीत राहायचो. आबा, म्हणजे आमचे वडील, कापड विणायच्या लूमवर कारीगर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. आक्का घरीच साड्यांवर टिकल्या चिकटवायची. टीव्हीला जोडायचा गेमचा डबा मामाने दिलेला. कॅसेटमधली अक्षरं जपानी होती म्हणे, त्यामुळे गोष्ट काय आहे ते आम्हाला कधीच कळलं नाही. एक योद्धा गावोगाव लढत जातो आणि शेवटी किल्ल्यात शिंगवाला राक्षस बसलेला असतो, हे कॅसेटवरच्या चित्रावरून आम्ही ठरवलेलं.

त्या गेमची एक खोड आक्काने बरोबर हेरली. जे जास्त कराल ते वाढायचं. तलवार चालवली की तलवारीचा आकडा वर, घाव झेलले की ढालीचा. समोर कोण आहे याची गेमला काही पडलेली नव्हती. दुसऱ्या गावाबाहेर दलदलीत एक मरतुकडा बेडूक होता, त्याच्या फटक्याने जेमतेम खरचटायचं. आक्काने योद्ध्याला त्याच्यापुढे उभं केलं, ढालीचं बटण लूमच्या दोऱ्याने करकचून बांधलं आणि साडी पुढ्यात ओढली. बेडूक मारतोय, ढाल वाढतेय आणि ही आपली टिकल्या लावतेय! अधूनमधून योद्ध्याचं हृदय लाल लुकलुकलं की औषधाचं बटण दाबायचं, बस्स.

"ही लबाडी आहे," मी म्हणाले.

"लबाडी कसानी वं? बेडूक मेहनत करी ऱ्हायना ना!"

अडचण एकच होती. कॅसेटमधला सेल मेलेला, त्यामुळे खेळ साठवता येत नव्हता. डबा बंद केला की पुन्हा पहिलं गाव. म्हणून रात्री खेळ थांबवून आम्ही फक्त टीव्ही बंद करायचो आणि डबा तसाच चालू ठेवायचो. आई कुरकुरायची, पण हात लावायची नाही.

लग्नाला पाच दिवस राहिले. गावी निघण्याआधी दोन दिवस हातात होते आणि ढाल पुरी होत आली होती. त्या दिवशी आम्ही तिघी बांगड्या भरायला गेलो आणि बेडूक आबांवर सोपवला. हृदय लाल झालं की हे निळं बटण, असं मी त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

परत आलो तर टीव्ही काळा. डब्याचा दिवाही विझलेला. आबा मोठ्या समाधानाने म्हणाले, "लाल व्हयनं तं मी लगेच बंद कयं."

वीस वर्षं लूमवर काढलेला माणूस. तार, म्हणजे धागा, तुटली की क्षणात मशीन थांबवायची, नाहीतर कापडात खोट राहते. लाल पाहिलं आणि डोक्याआधी त्यांचा हात पुढे गेला. आज हे मला कळतं, पण तेव्हा मी त्यांच्याशी आठ दिवस अबोला धरला, अगदी हळदीतसुद्धा. आक्का मात्र पोट धरून हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, ते ती कितीतरी वेळ पुसत होती.

लग्न होऊन ती सासरी गेली. आबांनी कधी माफी वगैरे मागितली नाही. पण आखाजीच्या सणाला लेकी माहेरी येतात, त्याच्या आधीच्या आठवड्यात त्यांची रातपाळी होती. सकाळी घरी यायचे ते झोपायचे नाहीत. चष्मा लावून, योद्ध्याला पुन्हा बेडकापुढे उभं करून टीव्हीसमोर बसायचे. बटणाला त्यांनी स्वतःच गाठ मारली होती, आणि ती आक्काच्या गाठीपेक्षा कितीतरी चांगली होती. आक्का आली तेव्हा ढालीचा आकडा आणखी वर जायला जागाच नव्हती.

"आबा, तलवार तं व्हती तशीच शे," ती म्हणाली.

"ती तू वाढाव. माले संभाळनं येस तेवढंच येस."

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडले नाही, त्यांना चहा दिला.

त्या ढालीपुढे कुणाचंच काही चालेना, म्हणून आक्का कुणाशी न लढता सुसाट पळत चार दिवसांत किल्ल्यात पोचली. भाऊजी तिला न्यायला आले तेव्हा ती राक्षसासमोर होती. त्याला आमची ढाल फुटेना आणि आमच्या तलवारीने त्याला जेमतेम ओरखडा उठे. भाऊजींचा एक चहा झाला, दुसरा झाला. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"पाव्हना, हाई अर्ध टाकता येत नही," आबा म्हणाले. "बंद कयं का समदं जास."

भाऊजी कसनुसं हसले आणि पाय पसरून बसले. संध्याकाळची गाडी निघून गेली.

राक्षसाच्या जिवाची एकच रेघ उरली. एक घाव पुरे होता. आक्काने तलवारीच्या बटणावरचा अंगठा उचलला आणि नुसती ढाल धरून बसून राहिली. मी पाहिलं. आबांनीही पाहिलं.

"अजून किती वेळ?" भाऊजींनी विचारलं.

"बराच शे आजून," आबा म्हणाले.