जावईबापूंनी ऐकलेली घंटी

जावईबापूंबद्दल मी लिहावं इतकी काही आमची ओळख नव्हती. त्यांचं घर मी कधी पाहिलं नाही. मुलंबाळं किती, हेही विचारायचं राहून गेलं. फोनदुरुस्तीचा हा माणूस कडक इस्त्रीच्या शर्टात यायचा आणि तो आला की सगळ्यांना हातातलं काम सोडावं लागायचं, म्हणून आमच्या फोरमननं त्यांचं हे नाव पाडलं होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. चहाला उशीर झाला की स्वतःच म्हणायचे, "जावयाची ही किंमत?"

आमची कंपनी पाण्याचे पंप दुरुस्त करायची. वर्कशॉपच्या माडीवरचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं. मी वर्कशॉपमध्येच स्टोअर सांभाळत राहिलो. माझ्या वहिनी नव्या ऑफिसात तक्रारींचे फोन घ्यायच्या. दादा गेल्यावर घर त्यांच्याच पगारावर चालत होतं.

थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकं ओरडू लागली, की फोन वाजतो पण उचलत कोणी नाही. वहिनी म्हणत होत्या, मी जागची हललेली नाही. मालकांना ते पटेना. दुसरी बाई बघतो, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. हे मला वहिनींनीच सांगितलं.

मग जावईबापूंना बोलावलं. त्यांनी आधी यंत्राला हातच लावला नाही. तक्रार करणाऱ्यांना फोन करून, कधी लावला होता, किती वेळ वाजला, एवढंच विचारत बसले. मालक वैतागले. तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "गिऱ्हाईक खोटं बोलत नाही आणि बाईही नाही. मग फोन वाजतोय कुठे?"

दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपमध्ये आले. मला म्हणाले, तुमच्या मोबाइलवरून कंपनीचा नंबर लावत राहा. पहिला फोन वहिनींनी उचलला. दुसरा नुसताच वाजत राहिला. तिसरा पुन्हा वहिनींनी घेतला. चौथा वाजू लागला तशी जावईबापूंनी फोरमनला सगळी मशिनं बंद करायला लावली. "जावयाचे लाड संपत नाहीत," असं पुटपुटत त्यानं ती बंद केली.

माडीवरून बारीक घंटी ऐकू आली.

किल्ली माझ्याकडेच होती. कुलूप काढलं, तर जुन्या पडद्यांच्या ढिगाखाली वहिनींचा आधीचा फोन वाजत होता. ऑफिस हलवताना तो कंपनीच्या इंटरनेटवरच्या फोन-यंत्रणेला तसाच जोडलेला राहिला होता. येणारे फोन पाळीपाळीनं, एक वहिनींकडे आणि पुढचा या रिकाम्या खोलीत जात होते.

जावईबापूंनी तो फोन यंत्रणेतून काढून टाकला. तरी माझं बोट दुखेपर्यंत मला नंबर लावायला लावला. प्रत्येक वेळी वहिनींचाच आवाज आला. मग त्यांनी मालकांना कळवलं, "बाई फोन घेतच होत्या. निम्मे त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. आणि हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा." मालकांनी सांगितलं. वहिनी रिटायर होईपर्यंत त्याच खुर्चीवर होत्या.

गिऱ्हाईक आणि वहिनी, दोघांचंही खरं धरून चालणारा असा माणूस मला तरी दुसरा भेटला नाही. हे त्यांना सांगायचं होतं, पण जमलं नाही.

शेवटचे ते बसस्टॉपवर दिसले. शर्टाला इस्त्री तशीच कडक होती.

"वहिनींचा फोन वाजतोय ना?"

"आता घरचाच वाजतो. नातवंडांचा."

"उचलतात ना?"

"पहिल्या घंटीला."

"मग झालं तर. चला, माझी बस आली."