वाहिदभाईंच्या ताटातला कापूस

महागावच्या स्टँडमागं वाहिदभाईंचं ट्रकचं गॅरेज. आता ते त्यांचा मुलगा मोईन पाहतो. वाहिदभाई खुर्ची टाकून बसतात आणि ज्याची गाडी अडकली त्याला लडाख ऐकवतात. गाडी सुटेपर्यंत त्याचीही सुटका नाही.

जवानीत ते ट्रक घेऊन लेहला गेले आणि बर्फानं घाट बंद झाले. अख्खा हिवाळा त्यांनी तिथल्या एका बौद्ध कुटुंबात काढला. गोम्पात, म्हणजे तिकडच्या मठात, मुखवटे घातलेल्या लामांचा नाच त्यांनी तेव्हाच पाहिला. तो सांगताना त्यांना खुर्चीत बसवत नाही. लुंगी सावरून दोन्ही हात पसरतात, एक पाय उचलून सावकाश गिरकी घेतात, तोंडानं लांब कर्ण्याचा भोंऽऽ काढतात. "डोळे हे एवढाले, सुळे बाहीर! पाह्यलं का जीवच जाते. अन् आतमंदी कोण? आपल्याले चहा देणारा लामा!" नाचाच्या शेवटी लामा कणकेच्या पुतळ्याचे तलवारीनं तुकडे करतात, वर्षाचं सगळं वाईट त्यात संपलं, असं मानतात. इथवर येईस्तोवर वाहिदभाईंचा गुडघा बोंबलतो आणि मोईन त्यांना धरून बसवतो.

पण त्यांचा खरा जीव गुथुकमध्ये. लोसार, म्हणजे तिकडचं नवं वर्ष, त्याच्या तोंडावर एका संध्याकाळी करायचं हे कणकेच्या तुकड्यांचं सूप. त्यात प्रत्येकासाठी एक मोठा उंडा, आणि उंड्याच्या पोटात काहीतरी लपवलेलं. लोकर निघाली तर माणूस मऊ मनाचा, मिरची निघाली तर तोंडाळ, कोळसा निघाला तर काळ्या मनाचा.

परत आल्यावर बायकोला, मलिकाभाभींना, त्यांनी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तं आपले वरणफळंच झाले." तेव्हापासून दर डिसेंबरात त्यांच्याकडं वरणफळं, लोकरीच्या जागी कापूस, आणि शेजारी म्हणून मलाही बोलावणं. मला बहुतेक मिरचीच यायची. तक्रारीला जागा नव्हती. वाहिदभाईंना मात्र दरसाल कापूस. मग वर्षभर मिरवणं: "दिल साफ पाह्यजे भाऊ! उंड्याले समजते." गिऱ्हाइकाला शिव्या घालणारा, भाजीत मीठ कमी पडलं की ताट ढकलणारा हा माणूस! पण बोलणार कोण?

भाभी गेल्या उन्हाळ्यात वारल्या. त्यांच्याशिवायचं ते घर मला अजून आपलं वाटत नाही. डिसेंबर लागला तसे वाहिदभाई बेचैन झाले. "औंदा कापूस आला, तं समजीन मलिका अजून माह्यावर खूश हाय," ते मला म्हणाले. मी हसण्यावारी नेलं.

सून निलोफरनं वरणफळं केली. वाहिदभाईंनी बिस्मिल्ला म्हणून उंडा फोडला. आत कोळसा.

निलोफर पार पांढरी पडली.

"अब्बा, चूक माही हाय," ती रडवेली होऊन म्हणाली. "अम्मीनं सांगतलं होतं मले. कापसाच्या उंड्याले खुणेसाठी नख दाबून ठेवाचं, अन् थोच तुमाले वाढाचा. अम्मी दरसाल तसंच करे. मी गडबडीत विसरली."

वाहिदभाई एकदम हसायला लागले, आणि हसता हसता त्यांची दाढी भिजली.

"तुही काही चूक नाही, बेटा. उंडा खरंच बोलला," ते म्हणाले. "मी कोळसाच. मलिकाले मालूम होतं. तरी दरसाल कापूसच वाढे."