तिसऱ्यांदा लावलेला कौल

अण्णाकाकांकडे कुणी काही मागायला आले, की ते सगळे ऐकून घेत, सुपारी कातरून होईपर्यंत गप्प बसत आणि मग म्हणत, "काय म्हटलंस? परत सांग." समोरचा परत सांगे. "आयकाक येवक नाय. परत." तिसऱ्या खेपेला माणसाचा आवाज निम्मा झालेला असे, मान खाली गेलेली असे. मग काका म्हणत, "नाय." कान म्हणाल तर इतके तिखट, की मागीलदारी मी नि त्यांची सून कुजबुजलो तरी ओटीवर त्यांना कळे.

वडील गेल्यावर मी या सख्ख्या काकांच्या घरी वाढले. गावच्या शाळेत मास्तरीण झाले, तरी राहिले त्यांच्याच छपराखाली. मला बघायला आलेल्या पाहुण्यांना ते हसत सांगत, "चेडवाक काय इचारू नकात. ती मास्तरीण आसा, तीच तुमका शिकवतली." पाहुणे चहा पिऊन जात ते जातच. मी रडले तर म्हणत, "खरा सांगलंय. पाप केलंय काय?" गावचे मानकरी, देवळात पहिला मान त्यांचा. त्यांना उलट कोण बोलणार?

एकच माणूस त्यांना न विचारता घराबाहेर पडला होता. त्यांचा मुलगा मोहनदादा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो सरळ मुंबईला गेला आणि तिथून बोटीने आफ्रिकेत, मोंबासाला. तिथे एका गोऱ्याच्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात लागला. आठ वर्षे झाली तरी परत आला नव्हता. त्याची बायको सुमनवहिनी इकडे भात लावत होती, गुरे बघत होती आणि काकांची बोलणी खात होती. कुणी मुलाची चौकशी केली, तर काका म्हणत, "झील लांब आसलेलोच बरो. लांबसून नमस्कार तरी करता."

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. दादाचे पत्र आले. त्याचा साहेब कारखाना विकून विलायतेला निघाला होता आणि आपली जुनी मोटार दादाला देणार होता. सरकारचा नियम असा, की तिकडे वर्षभर स्वतःच्या नावावर वापरलेली मोटार कायमचे परत येणाऱ्या माणसाला बरोबर आणता येते. दादाने लिहिले होते, 'मालवण-कुडाळ रस्त्यावर टॅक्सी चालवीन. गावात पोट भरायला दुसरा उद्योग नाही, तेव्हा मोटार आली तरच मी येईन. मागे न विचारता गेलो, ती चूक झाली. या वेळी तुम्ही हो म्हणालात तरच मोटार घेतो.'

पत्र मीच वाचून दाखवले. काका म्हणाले, "जाताना इचारल्यान? मगे येताना कित्याक इचारता?"

पण नाही म्हणाले नाहीत. पंधरा दिवस हो असेही म्हणाले नाहीत. तेवढ्यात वहिनीने मोटार ठेवायला अंगणापलीकडच्या मांगरातला पेंढा, मोडके नांगर बाहेर काढले, जमीन चोपून सारवली. मोटार केवढी असते हे तिला ठाऊक नव्हते, म्हणून कुडाळच्या बाजाराला जाऊन उभ्या मोटारीला वितींनी मोजून आली, आणि सुताराला सांगून मांगराचे दार हातभर रुंद करून घेतले. काका ओटीवरून बघत होते. "होऊ दे, बाये. बरो साफ कर," म्हणत होते. मला वाटले, म्हातारा विरघळला. कसला विरघळतोय! दार बसले त्याच संध्याकाळी म्हणाले, "उद्या देवाक इचारूया."

सकाळी देवळात काका, मी आणि गुरव. दादाचे पत्र मी देवासमोर मोठ्याने वाचले. गुरवाने गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान मोटार घेवन घराक येवचा काय, ता तूच सांग!" आणि पाषाणाला दोन्ही अंगांनी ओले कळे चिकटवले. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. उजवा पडला.

"उजवो दिल्यान, अण्णा!" गुरव खूश झाला.

"परत लाव."

परत उजवाच पडला. गुरवाने माझ्याकडे पाहिले. काका म्हणाले, "परत." माणसांना तीनदा बोलायला लावणारा हा गृहस्थ देवालाही सोडीना! तिसऱ्यांदा डावा पडला. "ह्यो खरो," काका म्हणाले आणि चप्पल घालून चालू लागले.

वहिनी पाणंदीत उभी होती. "काय पडलो गो?" तिने मला विचारले. काका दोन पावलांवर होते. मी म्हटले, "डावो." त्याच दुपारी काकांनी सांगितले ते मी लिहिले, 'देवाचा कौल नाही. मोटार घेऊ नये.' दादाने मोटार घेतली नाही, आणि तो आलाही नाही.

पाचसहा वर्षांनी काकांचे डावे अंग गेले. तोंड वाकडे झाले, तेव्हा मुलगा आठवला. "त्येका लिव, येवन जा," असे मला कसेबसे म्हणाले. उत्तर आले तेव्हा वहिनी त्यांना पेज भरवत होती. मी वाचले, 'देवाने नको म्हटल्यावर मी इथेच दुसरा संसार मांडला. दोन मुले आहेत. देवाचा शब्द मोडून कसा येऊ?'

वहिनीचा हात थांबला नाही. माझा मात्र तोल सुटला. काकांच्या देखत मी ओरडले, "वहिनी, दोनदा उजवा पडला होता गं! ह्यांनी तिसऱ्यांदा लावला!"

वहिनीने काकांच्या हनुवटीवरची पेज पुसली. "माका ठावक आसा. गुरवान त्याच दिसा सांगल्यान."

"मग दादाला कळवलं का नाहीस?"

"कोणाकडसून लिवन घेवचा? भायल्याक सांगून घराची अब्रू घालवची? घरात लिवतली तू एकटीच. आणि तू माका डावो म्हणान सांगलंस."

काका त्याच महिन्यात गेले. त्यांच्या दुष्टपणाच्या गोष्टी मी जन्मभर गावाला सांगत आले. वहिनीचे हे बोलणे मात्र आज पहिल्यांदा सांगते आहे.